रंगांची वीण – भाग ६ : माटवीतून उतरलेले रंग

शेजारच्या काकी रोज विचारतात, "ह्या उकाड्यात लोकर कित्याक गे?" प्रश्न रास्त आहे. आश्विनात मालवणात पंख्याखाली बसलं तरी घामाने सुया बोटांतून निसटतात. पण आमची भाची राहते एडिंबरोला, तिथे आता कानटोप्या बाहेर आल्या असतील. आणि अगदी आपल्याच जिल्ह्यात म्हणाल तर आंबोलीला पहाटे गळ्याभोवती काहीतरी लागतंच. म्हणून काऊल, म्हणजे मफलरची टोकं काढून उरलेला गोल गळपट्टा. गेल्या आठवड्यात नमुन्याचा चौकोन विणून ठेवायला सांगितला होता, तो जवळ घ्या.

विदेशी पुस्तकांतल्या शरदाच्या नक्ष्यांत मेपलची पानं असतात. आमच्याकडे पानगळ होते ती शिमग्याच्या आगेमागे, शरदात नाही. मी रंग घेतले माटवीतून. गणपतीवर टांगलेल्या त्या चौकटीत कवंडळाचा लालभडक, तेरड्याचा गुलाबी, शेरवडीचा पांढरा असं सगळं रान एकत्र येतं. (शेरवडीचं ते पांढरं 'पान' पानही नसतं आणि पाकळीही, फुलाच्या निदलाचा एक भाग तेवढा वाढलेला असतो.) त्यात भर घातली सड्यावर वाळू लागलेल्या गवताच्या फिक्या पिवळ्याची आणि जांभ्याच्या तपकिरी लालाची.

पहिला प्रयत्न साफ फसला. कवंडळाचा लाल आणि शेताचा हिरवा एकाच ओळीत घेतले. लोकरीचे गुंडे शेजारी ठेवले तेव्हा दोघं अक्षरशः भांडत होते, विणून चार हात लांब धरलं तर नक्षीच दिसेना. मग मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा केला. दोन्ही रंग एकसारखे राखाडी! डोळा रंगाला भुलतो, पण नक्षी उभी राहते ती फिक्या-गडदाच्या फरकावर. आता मी गुंडे विकत घेण्याआधी दुकानातच असा फोटो काढते. दुकानदार बघत राहतो, राहू दे. शेवटी पार्श्वभूमी जांभ्याची ठेवली, नक्षी शेरवडीच्या पांढऱ्यात आणि गवताच्या पिवळ्यात. कवंडळाला प्रत्येक आकृतीच्या मधोमध एकच ओळ मिळाली, आणि तेवढ्यातच तो सगळ्यांवर मात करतो.

या विणीचं माहेर स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंडच्या फेअर आयल बेटावर. इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या आठव्या एडवर्डने, १९२२ साली सेंट अँड्रूजला गोल्फ खेळताना तसला स्वेटर घातला आणि फॅशन पसरली. तिथल्या बायकांचा नियम सोपा आहे: अख्ख्या कपड्यात रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच. जो रंग त्या टाक्यात नको तो मागून नुसता पुढे न्यायचा. त्यामुळे कापड जवळजवळ दुपदरी होतं, म्हणून ऊबही जास्त.

आता हात. १० सेंटिमीटरला २६ टाके बसत असतील तर तारेने जोडलेल्या गोल सुईवर १४४ टाके घाला. घेर साधारण ५५ सेंटिमीटर येतो. भाताच्या लोंबीची आकृती १२ टाक्यांची, ती बरोबर १२ वेळा बसते. गोल विणत असल्यामुळे सगळे टाके सुलट, उलट टाक्यांचा त्रास खालच्या-वरच्या पट्टीपुरताच. मागून जाणारा धागा पाच टाक्यांहून लांब गेला तर त्याला मध्ये एकदा दुसऱ्या धाग्याखाली अडकवा, नाहीतर घालताना कानातलं अडकतं. आणि तो ओढू नका. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके बोटाने पसरवा, मगच नवा धागा उचला. हे न केल्यास कापड आकसतं आणि काऊल डोक्यातूनच जात नाही. माझा पहिला आता दुधाच्या बरणीला घातलाय.

एक गोष्ट फार उशिरा उमगली. मागे दोन धाग्यांतला जो खालून जातो त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तो रंग उठून दिसतो. त्यामुळे नक्षीचा रंग कायम खालून, पार्श्वभूमीचा वरून. मधूनच अदलाबदल केलीत तर लोंबी अर्ध्यात मिटल्यासारखी दिसते, आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

आपल्या बाजारात 'लोकर' म्हणून मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिक. सरावाला उत्तम, पण गुळगुळीत. टाके एकमेकांना धरत नाहीत आणि भिजवून ताणल्यावर सारखेही होत नाहीत. खरी लोकर मिळाली तर ती पावसाळ्यात उघडी ठेवू नका, आपल्या दमट हवेत कसर लागायला वेळ लागत नाही. पुढच्या आठवड्यात वरची पट्टी आणि टाके बंद करणं. तोवर लोंबीच्या दोन आकृत्या उंचीला झाल्या पाहिजेत.