चुलीचे जळण: निवड, वाळवण आणि पावसाळ्यापूर्वीची साठवण

घरात गॅस असला तरी भाकरीची चूल, आंघोळीच्या पाण्याचा बंब आणि जनावरांचे आंबोण यांसाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबांना आजही सरपण लागते. पावसाळ्यात घरात लाकूड असते, पण ते ओले असते. मग चूल धुमसते, फुंकणी हातातून सुटत नाही आणि सगळा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो. म्हणून जळण कोणते यापेक्षा ते किती वाळलेले आहे, हे आधी पाहावे. कापूस पिकवणाऱ्या गावांत जळण साठवताना गुलाबी बोंडअळीचाही विचार करावा लागतो.

ओलाव्याचा हिशेब

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. असे १०० किलो लाकूड १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवले, तर सुमारे ५९ किलो भरते. ओले लाकूड वजनावर विकत घेतल्यास आपण पाण्याचे पैसे देतो. शिवाय ते पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्च होते. वाळलेल्या लाकडातून किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते, तर निम्मे पाणी असलेल्या लाकडातून सुमारे १,९००. चुलीसाठी ओलावा २० टक्क्यांच्या खाली असावा.

लाकूड वाळले हे असे ओळखा:

- टोकांना चिरा पडतात, साल सहज सुटते.
- दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास टणक आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो.
- चुलीत घातल्यावर टोकातून फेस येत असेल तर लाकूड ओले आहे.
- खात्रीसाठी एका तुकड्यावर खूण करून दर आठवड्याला वजन करा. वजन घटायचे थांबले की लाकूड वाळले.

कोणते जळण कशासाठी?

- बाभूळ, वेडी बाभूळ: जड लाकूड, निखारा बराच वेळ टिकतो. पावसाळ्याच्या साठ्यासाठी उत्तम. ओले असतानाच फोडावे, वाळल्यावर कुऱ्हाड चालत नाही.
- सुबाभूळ: लवकर वाळते, पण जळतेही लवकर. रोजच्या स्वयंपाकाला चालते.
- तुराट्या: चटकन पेट घेतात. चूल पेटवण्यासाठी कोरड्या जागी वेगळ्या राखून ठेवा.
- गोवऱ्या: आच मंद, धूर व राख जास्त. शक्य असेल तर शेण गोबर गॅस किंवा शेणखतासाठी वापरा.
- उसाचे पाचट: जाळू नका. ते सरीत कुजवल्यास जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो.

कण्हेरीचे लाकूड विषारी असते, ते चुलीत घालू नका. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या गोण्या आणि कीटकनाशकांचे डबे पेटवणासाठीसुद्धा वापरू नका. झाड तोडण्यापूर्वी परवानगी लागते का, याची वनविभागाकडे चौकशी करा. बांधावरच्या झाडांच्या छाटणीतूनही बरेच जळण मिळते.

पऱ्हाट्या आधी संपवा

शेवगाव, पाथर्डी, नेवासा भागात घरामागे पऱ्हाट्यांचे ढीग दिसतात. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तिचे पतंग नव्या कपाशीकडे जातात. २०१७ च्या हंगामात या किडीने राज्यातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान केले. पुढील पावसाळ्यापर्यंत ठेवलेला ढीग तुमच्याच नव्हे, शेजाऱ्याच्या कपाशीलाही धोका ठरतो.

म्हणून फरदड घेऊ नका. पऱ्हाट्या उपटल्यावर न फुटलेली व किडकी बोंडे तोडून लगेच चुलीत जाळा. उरलेल्या पऱ्हाट्या उन्हाळ्यातच वापरा, मे अखेर ढीग संपलेला असावा. संपणार नसतील तर श्रेडरने बारीक करून कंपोस्टला घाला किंवा पांढरा कोळसा तयार करणाऱ्या कारखान्याला द्या. क्रम सोपा आहे: उन्हाळ्यात पऱ्हाट्या, पावसाळ्यात बाभूळ.

साठवण कशी करावी?

आधी गरज मोजा. आठ दिवस रोजचे जळण ताणकाट्यावर तोला. उदाहरणार्थ, रोज ४ किलो लागत असेल तर पावसाळ्याच्या १२० दिवसांना ४८० किलो, म्हणजे जवळपास पाच क्विंटल वाळलेले लाकूड लागेल.

- लाकूड फेब्रुवारीपर्यंत तोडून मनगटाएवढ्या जाडीचे फोडा. अख्खे ओंडके एका उन्हाळ्यात वाळतीलच असे नाही.
- दगड किंवा विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच रचा. भिंतीपासूनही वीतभर अंतर सोडा.
- वरून पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळल्यास आत वाफ धरून बुरशी येते.
- वळवाच्या पहिल्या सरीआधी छप्पर तयार ठेवा. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पावसाचा जोर मोठा असतो, तिथे पुढे आलेली पडवी व पावसाच्या दिशेने आडोसा हवाच.
- घर, गोठा आणि कडब्याच्या गंजीपासून ढीग दूर ठेवा. ढिगात साप, विंचू आसरा घेतात. लाकूड वरून काढा, काठीने हलवून घ्या आणि रात्री बॅटरीशिवाय हात घालू नका.

पेलेट शेगडी वापरत असाल तर

पेलेट म्हणजे भुसा किंवा शेतातील काडीकचरा दाबून केलेल्या, साधारण ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्यांत ओलावा १० टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असल्याने आच एकसारखी लागते आणि धूर कमी होतो. घेताना गोणीच्या तळाशी भुगा किती आहे ते पाहा. कांडी गुळगुळीत आणि कडक असावी. एक कांडी पाण्यात टाका: चांगली कांडी बुडते आणि थोड्या वेळात फुगून विरते. हेच साठ्याचे होऊ नये म्हणून पेलेट झाकणाच्या कोरड्या पिंपात, फळीवर ठेवा. एकदा भिजलेले पेलेट वाळवून पूर्वीसारखे होत नाहीत. गावात वर्षभर पुरवठा होईल याची खात्री झाल्यावरच शेगडी घ्या.

चूल असो की शेगडी, बंद खोलीत पेटवू नका. धुमसणाऱ्या निखाऱ्यांचा वास येत नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघतो. पूर्ण विझलेली राख थोडी थोडी कंपोस्टमध्ये मिसळा. काळ्या, विम्ल जमिनीत एकाच जागी टाकू नका.

बोंडअळी आणि काडीकचऱ्याच्या वापराबाबत महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी तसेच बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रांचा सल्ला घ्यावा.