मेमरीचा हिशेब कोण ठेवतो?

जतच्या बाजारातला कुठलाही अँड्रॉइड फोन घ्या, तळाशी लिनक्सचा कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असतो. कुणी किती मेमरी घेतली याचा हिशेब तोच ठेवतो, बहुधा ४ केबीच्या पानांत. प्रोसेसच्या गटांना मेमरीची मर्यादा घालण्याची सोय २००८ साली २.६.२५ आवृत्तीत आली. त्यात कर्नेलचे प्रोग्रामर बलबीर सिंग यांचा मोठा वाटा.

खरी मेख वेगात आहे. दर पानामागे गटाचा सामाईक आकडा बदलायचा, तर सगळे सीपीयू तिथेच खोळंबणार. म्हणून प्रत्येक सीपीयू ६४ पानांची उचल एकदम घेऊन ठेवतो; तालुक्यात टँकरच्याही खेपाच मोजतात, घागरी नाहीत. आकडा थोडा फुगलेला दिसतो, पण ती चूक परवडणारी.

न परवडणारी चूक म्हणजे सोडलेलं पान दोनदा वजा होणं. आकडा शून्याखाली गेला, की कर्नेल इशारा नोंदवून तो शून्यावर आणतो.