शिबिर संपल्यानंतर

समाजाच्या कामासाठी तरुण तयार करायचा तर किती वेळ द्यावा लागतो? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा त्यांचं उत्तर होतं: पाच वर्षं. एवढी उमेदवारी झाल्याशिवाय पुरता सदस्य नाही. शिवाय सात शपथा होत्या. मनात देश आधी, जातधर्माचा भेद नाही, कोणाशी वैयक्तिक भांडण नाही, पैसा मिळवण्यात शक्ती खर्चायची नाही. या पैशाच्या शपथेची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. सदस्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची तरतूद संस्था करी. त्यागाची हाक देणारे पुष्कळ भेटतात. त्याग करणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटेल, हे आधी पाहणारे थोडे.

गोखल्यांनी ही सबुरी मोठ्यांनाही लावली. १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतलेल्या पंचेचाळिशीतल्या गांधींना त्यांनी सांगितलं, वर्षभर देश बघा, तोवर सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. याच समाजातून ना. म. जोशी कामगारांकडे गेले, तर मुंबई महापालिकेतली इंजिनिअरची नोकरी सोडून आलेले ठक्करबाप्पा पुढे भिल्लांमध्ये राहिले.

पुढच्या पिढ्यांना पाच वर्षं मागणं कठीण झालं आणि शिबिराचे दिवस आले. ४ जून १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने शाखा, श्रमदान आणि कलापथक यांतून मुलामुलींना एकत्र वाढवलं. निळू फुले त्याच कलापथकातून आले. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात शहरी मुलं तिथे कुदळ-फावडं हाती घेतात, कुष्ठमुक्त माणसांसोबत राहतात. ज्यांना आपण दयेचे विषय समजत आलो, त्यांच्याच कष्टावर उभी राहिलेली शेती पाहिली की मनातली उपकाराची भाषा गळून पडते. हे काम व्याख्यानाने होत नाही.

पण शिबिर संपतं. मग काय, यावर सारं ठरतं. १९४५ मध्ये बोरिवलीच्या ग्रामसेविका शिबिराला पुण्याच्या एक शिक्षिका गेल्या होत्या, बालविधवा अनुताई वाघ. तिथे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांची गाठ पडली आणि अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या. तिथून कोसबाड, आदिवासी मुलांच्या बालवाड्या आणि उरलेलं सगळं आयुष्य. शिबिराने त्यांना दार दाखवलं. आत नेऊन सोबत राबणारं वडीलधारं माणूस ताराबाई होत्या. असं माणूस न मिळाल्यामुळे विझलेला उत्साह किती असेल!

राष्ट्रीय सेवा योजनेचं दुखणं मला इथेच दिसतं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. कल्पना उत्तम, पसारा प्रचंड. पण कित्येक ठिकाणी दत्तक गावाची भिंत रंगते, प्रमाणपत्र मिळतं आणि गावाशी नातं तिथेच तुटतं. तास मोजले जातात, गावाला काय वाटलं ते कोणी विचारत नाही.

२००६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सुरू केलेल्या ‘निर्माण’ या युवा उपक्रमाने शिबिरांच्या मधल्या महिन्यांना महत्त्व दिलं. मुलं घरी जातात, काही करून पाहतात, पुन्हा येऊन त्याचा हिशेब मांडतात. अनेक तरुण डॉक्टर यातून दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेले. ‘कर के देखो’ फेलोशिपमुळे काम आजमावताना हाती थोडे पैसेही राहतात.

त्या पैशांपाशी मला थांबावंसं वाटतं. चांगली मुलं तिशीच्या आसपास काम सोडतात, तेव्हा त्यांची मूल्यं कमी पडलेली असतातच असं नाही. आईवडील थकलेले असतात, घरभाडं असतं, लहान मूल असतं. आपले देणगीदार इमारतीला सढळ हाताने देतात आणि कार्यकर्त्याच्या मानधनाचा विषय निघाला की हात आखडतात. गोखल्यांनी १९०५ मध्ये घटनेतच लिहिलेली निर्वाहाची तरतूद आज आपल्या किती संस्थांच्या अंदाजपत्रकात आहे, हे विश्वस्तांनी पुढच्या बैठकीत तपासावं.