मानेवरचे गळू पुन्हा पुन्हा का येते?

एखाद्या मुलाच्या मानेवर डाव्या बाजूला गळू येते. डॉक्टर चीर देऊन पू काढतात, प्रतिजैविके देतात आणि गळू बसते. काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा सूज! असे दोन-तीनदा घडले, तर कारण जन्माआधीच्या घडणीत असू शकते. ते कसे, हे आपण पाहू.

गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना त्याच्या मानेच्या भागात कमानींसारखे उंचवटे असतात. दोन कमानींमध्ये बाहेरून खाच आणि आतून, म्हणजे घशाच्या बाजूने, कप्पा असतो. माशांमध्ये याच भागात कल्ले तयार होतात. आपल्यात ते कधीच होत नाहीत. पहिल्या खाचेपासून कानाची बाहेरची नळी बनते. दुसरी कमान वाढून तिच्याखालच्या खाचा झाकते आणि त्या नाहीशा होतात. कप्प्यांपासून टॉन्सिल, थायमस, परावटू ग्रंथी असे अवयव घडतात.

यातले काही बुजायचे राहिले तर अरुंद नळी मागे उरते. दोन्ही तोंडे उघडी असलेल्या नळीला फिस्टुला म्हणतात. बहुतेक नळ्या दुसऱ्या कमानीखालच्या असतात. मानेच्या खालच्या भागात बारीक छिद्र आणि त्यातून पाझरणारा चिकट स्राव, यावरून त्या ओळखता येतात. तिसऱ्या-चौथ्या कप्प्याची नळी मात्र विरळा आणि बहुधा डावीकडेच असते. तिचे तोंड घशात, स्वरयंत्राशेजारच्या खोलगट जागेत असते. कातडीवर जन्मतः सहसा काहीच दिसत नाही. घशातले जंतू या वाटेने अवटू ग्रंथीपर्यंत पोचतात आणि तिथे पू होतो. नुसता पू काढून ही वाट बंद कशी होणार?

म्हणून आधी वाट शोधावी लागते. सूज असताना नळी मिटलेली असते; त्यामुळे सूज ओसरल्यावर मुलाला बेरियम गिळायला देऊन क्ष-किरण चित्र घेतात. सीटी स्कॅनचीही मदत होते. शेवटी भूल देऊन दुर्बिणीने घशातले तोंड प्रत्यक्ष पाहतात. ते सापडले की विजेच्या उष्णतेने किंवा रसायनाने आतूनच डागून बंद करता येते, किंवा शस्त्रक्रियेने पूर्ण नळी काढतात. दुसऱ्या कमानीची नळी तर मेंदू व चेहऱ्याकडे जाणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्यांमधून जाते. ती काळजीपूर्वक, मुळापासून काढावी लागते. तुकडा राहिला तर त्रास पुन्हा उद्भवतो.

आपल्या वर्गात असे मूल दिसले, तर पालकांना एवढेच सुचवावे: “आत नळी तर नाही ना, हे डॉक्टरांना विचारा.” या एका प्रश्नाने मुलाच्या मानेवरची पुढची चीर टळू शकते.