मानेतला मज्जारज्जू दबला, तर ऑपरेशन पुढून की मागून?

‘मानेची नस दबली आहे’ हे वाक्य पनवेल, कामोठे, कळंबोलीच्या दवाखान्यांतून रोज कुणी ना कुणी ऐकून येतं. बहुतेक वेळा ते खरोखर नसेपुरतंच असतं. मणक्याच्या बाजूने बाहेर पडणारी एखादी नस दाबली जाते, खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते, आणि औषध, शेक, व्यायाम यांनी बऱ्याच जणांना काही आठवड्यांत आराम पडतो. पण याच वाक्याआड दुसरा एक आजार लपून राहतो. त्यात बाजूची नस नाही, तर मधला मज्जारज्जूच चेपला जातो. वय वाढतं तशा मणक्यांमधल्या गाद्या झिजतात, हाडाला काटे फुटतात, आतले बंध जाड होतात आणि ज्या पोकळीतून मज्जारज्जू जातो ती अरुंद होते. डॉक्टर याला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात.

गंमत म्हणा की दुर्दैव, या आजारात मान दुखतेच असं नाही. म्हणूनच तो अंगावर काढला जातो. ब्लाउजचा हूक लागत नाही, शर्टाचं बटण चुकतं, भाकरी थापताना हात पूर्वीसारखा फिरत नाही. चालताना पायातली चप्पल निसटते आणि ते कळतही नाही. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मान पुढे वाकवली की पाठीतून विजेचा झटका उतरल्यासारखं वाटतं. पुढे लघवी रोखता येत नाही, आणि हे तर बायका कुणालाच सांगत नाहीत. घरच्या घरी एक गोष्ट करून पाहा : मूठ पूर्ण मिटा, पूर्ण उघडा. निरोगी माणसाला १० सेकंदांत साधारण २० वेळा जमतं. त्यापेक्षा बरंच कमी होत असेल, बोटं अडखळत असतील, तर एवढ्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

निदानाला उशीर होतो तो फक्त आपल्याकडेच नाही. इस्राएलमधल्या २०१३ सालच्या एका अभ्यासात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ गेल्याचं दिसलं. आपल्याकडे हाताला मुंग्या म्हटलं की साखर, पाय लटपटले की अशक्तपणा, असं म्हणून व्हिटॅमिनची इंजेक्शनं चालू राहतात. वॉर्डात असताना एक बिगारी काम करणारी ताई आमच्याकडे आली तेव्हा तिला घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता. त्याआधी वर्षभर ती मनगटाला पट्टा बांधून फिरत होती. मानेचा एमआरआय कुणी सांगितलाच नव्हता.

डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. एका अभ्यासात डोक्यावर भार वाहणाऱ्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा जास्त आढळली. विटा-रेतीची घमेली, बाजारातली पोती, पाण्याचे हंडे हे सगळं कोणाच्या डोक्यावर असतं, ते या पानाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. आणि दिवसभर ओझं वाहून झाल्यावर न्हाव्याकडे ‘कट्‌’ आवाज येईपर्यंत मान मोडून घेणं, हे तर कृपया बंद करा. आत मज्जारज्जू आधीच चेपलेला असेल, तर त्या एका झटक्याने हातपाय जाऊ शकतात.

आता उपचार. आजार किती पुढे गेला आहे हे डॉक्टर १८ गुणांच्या एका मोजपट्टीवर ठरवतात. १५ ते १७ गुण म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम, त्याखाली तीव्र. २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मध्यम आणि तीव्र आजारात ऑपरेशन करावं. सौम्य असेल तर ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम-उपचार, दोन्ही चालतं, पण बिघाड दिसला की वाट पाहत बसायचं नाही. गोळ्यांनी किंवा पट्ट्याने दबलेला मज्जारज्जू मोकळा होत नाही.

ऑपरेशन म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो : गळ्यातून की मानेच्या मागून?

पुढून करायची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली. गळ्याच्या बाजूला छोटा छेद घेऊन, श्वासनलिका-अन्ननलिका बाजूला सारून झिजलेली गादी काढतात. त्या जागी हाडाचा तुकडा किंवा छोटा पिंजरा बसवून पट्टी-स्क्रूने दोन मणके जोडतात. दाब पुढून येत असेल, एक-दोन जागीच असेल, किंवा मानेचा बाक पुढे झुकला असेल तर ही वाट सोयीची. त्रास होतो तो गिळण्याचा आणि आवाज बसण्याचा. बहुतेकांचा तो हळूहळू कमी होतो. बिडी-सिगारेट चालू असेल तर हाड नीट जुळत नाही, हेही लक्षात ठेवा.

मागून करताना मणक्याची मागची कमान काढतात आणि गरजेनुसार स्क्रू-सळ्यांनी मान स्थिर करतात. नुसती कमान काढून सोडली तर पुढे मान झुकण्याचा धोका असतो. यावर जपानी डॉक्टरांनी १९७० च्या दशकात उपाय काढला : कमान काढायचीच नाही, एका बाजूला बिजागरी ठेवून दार उघडावं तशी उघडायची. त्याला लॅमिनोप्लास्टी म्हणतात. यात मानेची हालचाल बरीच राहते. तीन-चार जागी दाब असेल तर मागची वाट बरी. पण मानेचा बाक नीट असेल तरच मज्जारज्जू मागे सरकून मोकळा होतो. मागून केल्यावर मानेचे स्नायू जास्त दुखतात, जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि काहींना खांदा उचलताना अशक्तपणा येतो. तो बहुधा काही महिन्यांत भरून येतो.

मग दोन्हींत सरस कोणती? ज्यांच्यावर दोन्ही बाजूंनी ऑपरेशन शक्य होतं अशा १६३ रुग्णांवर उत्तर अमेरिकेत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून तुलना झाली. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर शारीरिक कामकाजातली सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली. गुंतागुंत मात्र पुढून केलेल्यांत ४८ टक्के आणि मागून केलेल्यांत २४ टक्के होती. पुढच्या गटातला मोठा वाटा गिळण्याच्या त्रासाचा होता. नव्याने आलेली मज्जासंस्थेची कमजोरी उलट मागच्या गटात जास्त दिसली, २ टक्क्यांच्या तुलनेत ९ टक्के. लॅमिनोप्लास्टी झालेल्यांचे निकाल चांगले दिसले, पण ते रुग्ण थोडे होते आणि ती करायची की नाही हे सर्जननी ठरवलं होतं, चिठ्ठीने नव्हे. तेव्हा एखादा डॉक्टर ‘आम्ही पुढूनच करतो, तेच आधुनिक’ म्हणाला तर ते जाहिरातीसारखं समजा.

तिसरा एक विचार तर परळमधून आला आहे. केईएम रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. अतुल गोयल यांचं नाव जगभर घेतलं जातं ते मानेचे वरचे दोन मणके स्क्रूने जोडण्याच्या पद्धतीमुळे. ती त्यांनी १९९४ मध्ये मांडली. पुढे त्यांनी असं म्हटलं की गादीची झीज आणि हाडाचे काटे हे मूळ दुखणं नसून मणक्यांच्या सैलपणाचा परिणाम आहेत. म्हणून हाड न काढता, नुसते सांधे पक्के करूनही रुग्ण सुधारतो. यावर अनेक सर्जन सहमत नाहीत, आणि पुरावाही बहुतांश त्यांच्याच पथकाच्या अनुभवाचा आहे. मला स्वतःला ही चर्चा महत्त्वाची वाटते, पण एकट्या या मतावर कोणी निर्णय घेऊ नये.

डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा एमआरआयची फिल्म घेऊन बसा, नुसता रिपोर्ट नको. दाब कुठून आहे, किती जागी आहे, मानेचा बाक कसा आहे, हीच वाट का निवडली, आणि अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत, हे विचारा. विचारलं म्हणून रागावणारा डॉक्टर असेल तर दुसरं मत घ्या. हार्बरने कुर्ल्याला उतरून गाडी बदलली की सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचं केईएम गाठता येतं.

पैशांसाठी दागिने मोडण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, आणि सांगितलेलं ऑपरेशन योजनेत कोणत्या नावाने बसतं हे आधीच विचारा. हेल्पलाइन १५५३८८.

घरी आल्यावर पहिले काही महिने व्यायाम चुकवू नका. ऑपरेशनचा पहिला हेतू आजार तिथेच थांबवणं हा असतो. हातातली ताकद, चाल सुधारायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि जो आधी फार उशिरा आला त्याचं सगळं परत येत नाही. फिजिओथेरपीसाठी हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. रोजचं येणं-जाणं जमत नसेल तर तिथून व्यायाम शिकून घ्या आणि घरच्यांपैकी एकालाही सोबत शिकवून आणा.