दोन बिलं, एकच खांब

१५ ऑगस्ट २०२५ ला भारतातल्या सार्वजनिक इंटरनेटला तीस वर्षं झाली. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग तीनच आठवड्यांनी, ६ सप्टेंबरच्या सुमारास, तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन केबल तुटल्या आणि आखातापासून भारतापर्यंत नेट रखडलं. केबल दोन होत्या, पण दोन्ही एकाच चिंचोळ्या पट्टीतून गेलेल्या. घरात दोन कंपन्यांची कनेक्शनं घेऊन निश्चिंत बसलेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी ही बातमी जरा नीट वाचायला हवी होती. त्यांच्या गल्लीत हेच चाललंय. समुद्राच्या जागी रस्त्यावरचा खांब आहे, एवढाच फरक.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडंच. १९९५ मध्ये सरकारी व्हीएसएनएलनं डायल-अप सुरू केलं, १९९८ मध्ये मक्तेदारी संपून खासगी कंपन्या आल्या, २००४ च्या धोरणानं २५६ केबीपीएसला ‘ब्रॉडबँड’ म्हणायचं ठरवलं आणि २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन घरोघर पोचू लागलं. एक कनेक्शन मिळालं तरी पेढे वाटायचे दिवस होते ते. दुसरं घ्यायचा विचार बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी करावा, घरानं नव्हे.

खरी मजा पुढच्या दशकात आली. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि देशाची निम्म्याहून अधिक बँडविड्थ एका फटक्यात गेली. परदेशी गिऱ्हाइकांची कामं घरून करणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. समुद्रातलं काही आपल्या हातात नसलं, तरी निदान घरापर्यंतचा रस्ता दुहेरी करावा, हे खूळ साधारण तेव्हापासून डोक्यात शिरलं. आणि तेव्हा रस्ते खरोखर वेगवेगळे होते. एक तांब्याच्या तारेचा: मुंबईत एमटीएनएल, बाकी महाराष्ट्रात बीएसएनएल. दुसरा केबलवाल्याचा, गच्च्यांवरून गच्च्यांवर लोंबत आलेला. तिसरा टिकोनासारख्यांचा, गच्चीवर चौकोनी अँटेना ठोकून हवेतून येणारा. शिवाय टाटा फोटॉन किंवा रिलायन्स नेटकनेक्टचं डोंगल होतंच.

यातला प्रत्येक जण बंद पडायचा, पण आपापल्या कारणानं. पहिल्या पावसात रस्त्याकडेच्या पिलरमध्ये पाणी शिरलं की तांब्याचा जॉइंट ओला व्हायचा आणि फोनवर खरखर सुरू. केबलवाल्याचा स्विच कुणाच्या तरी जिन्याखाली असायचा. त्या इमारतीची वीज गेली की आख्ख्या आळीचं नेट जायचं. अँटेनाचं तोंड वाऱ्यानं फिरायचं. तिन्ही एकाच दुपारी आडवे झाले, असं क्वचितच घडे. तेव्हाच्या गलथानपणातच हा बंदोबस्त आपोआप होऊन बसला होता, आणि त्याचं श्रेय अर्थातच कोणत्याही कंपनीला नाही.

हे रस्ते घरात एकत्र आणायचे तर त्यासाठी यंत्र हवं. सुरुवातीला हौशी लोक अडगळीतल्या संगणकात दोन लॅन कार्डं खुपसून त्यावर राउटरचं काम करणारं पीएफसेन्स चालवत. मग टीपी-लिंकचा आर४७०टी-प्लस नावाचा लहानसा डबा आला. पाच पोर्ट, त्यांतले चारपर्यंत बाहेरच्या कनेक्शनांना देता येत. ज्यांची खाज त्यानंही भागली नाही, ते लॅटव्हियातल्या मायक्रोटिक कंपनीच्या राउटरकडे वळले आणि दर रविवारी त्याचे नियम लिहीत बसले.

या खटाटोपाची चव कळायला पहिली संध्याकाळ पुरे. दोन्ही कंपन्यांचे मोडेम जोडले, दिवे हिरवे झाले, तरी नेट चालेना. कारण दोघांचाही घरातला पत्ता एकच, १९२.१६८.१.१. कारखान्यातूनच तसे आलेले. एकाचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ केला की गाडी रुळावर येई. मग भार वाटायची पाळी. दोन कनेक्शनं जोडली म्हणजे वेग दुप्पट, अशी समजूत विक्रेत्यांनीही आनंदानं पसरवली. प्रत्यक्षात राउटर एकेक जोडणी या नाहीतर त्या वाटेला लावतो. एकच मोठी फाइल उतरवायची तर ती एकाच वाटेनं येणार. मोठी गंमत बँकेची. लॉग-इन एका कंपनीच्या पत्त्यावरून, पुढचं पान दुसऱ्याच्या. बँकेची यंत्रणा संशयानं बाहेर काढून मोकळी. म्हणून सुज्ञांनी बँकांना एकच वाट बांधून दिली. पुष्कळांनी तर भार वाटायचा नाद सोडून दुसरं कनेक्शन फक्त राखीव ठेवलं.

राखीव वाट कधी उघडायची, हा त्याहून बारीक प्रश्न. साधा राउटर समोरच्या मोडेमला हाक मारून पाहतो. मोडेम घरातच असतो, तो ओ देतोच. बाहेर तार तुटलेली असली तरी राउटरच्या लेखी सगळं आलबेल! म्हणून त्या वाटेनं थेट ८.८.८.८ पर्यंत, म्हणजे गूगलच्या सर्व्हरपर्यंत, पिंग पोचतोय का ते तपासायचं आणि चार-पाच हाका वाया गेल्या की वाट बदलायची. मुलगा यूट्यूब बघत असताना लाइन गेली आणि घरात कुणाला पत्ताही लागला नाही, ही या लोकांची खरी कमाई.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि फुकट डेटाच्या पुरात बाकीच्यांचे पाय सुटले. नेटकनेक्टवाल्या आरकॉमनं (रिलायन्स कम्युनिकेशन्सनं) २०१७ च्या अखेरीस मोबाइल सेवा गुंडाळली, टाटांचा मोबाइल धंदा २०१९ मध्ये एअरटेलकडे गेला. डोंगलं ड्रॉवरमध्ये जाऊन पडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये जिओवाल्या रिलायन्सनं हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांत बहुमताचा वाटा घेत असल्याचं जाहीर केलं. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएल आणि एमटीएनएल मिळून सुमारे ९२ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. कोणता जॉइंट कुठल्या झाडाखाली आहे हे ज्यांना पाठ होतं, ते लाइनमनही त्यांत होते. आठ आठवड्यांत टाळेबंदी लागली आणि सगळा देश घरून काम करू लागला. मुहूर्त साधावा तर असा.

टाळेबंदीत हे हौशी लोकांचं खूळ संसारी झालं. नवरा एका मीटिंगमध्ये, बायको दुसऱ्या, मुलांची शाळा तिसऱ्या पडद्यावर. दुसरं कनेक्शन किराण्याच्या यादीत आलं. मग १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीजच गेली आणि दोन-दोन कनेक्शनं असलेली घरंही अंधारात बसली. राउटरपुरता बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मग टीव्हीमागे दिसू लागला. दोन्ही ओएनटी (फायबरचे मोडेम) आणि मधला राउटर, तिघांनाही तो लागतो, हे बरेच जण अजून विसरतात.

आज यंत्रं स्वस्त आहेत, वेग भरपूर आहे, १९२.१६८ चा घोळ कुणीही पाच मिनिटांत सोडवतो. फक्त दुसरा रस्ता उरलेला नाही. तांबं बहुतेक ठिकाणी गेलं, सगळे फायबरवर आले आणि सगळ्यांचं फायबर त्याच खांबावरून, त्याच झाडाला वळसा घालून येतं. बीएसएनएलचं फायबरसुद्धा अनेक भागांत स्थानिक भागीदारच टाकतो, आणि तो बहुधा कालचा केबलवालाच असतो. महापालिकेनं लोंबत्या तारांवर कात्री चालवली किंवा जेसीबीनं चर खणला, की दोन्ही ओएनटींचे एलओएस, म्हणजे सिग्नल गेल्याचे, दिवे एकदम लाल होतात. दोन कंपन्यांकडे दोन तक्रारी होतात. आणि संध्याकाळी फायबर जोडायचं स्प्लायसिंगचं यंत्र घेऊन शिडीवर चढलेला मुलगा एकच असतो. एकाचं जोडून झालं की तो दुसऱ्याचं जोडतो. खालून विचारलं तर म्हणतो, ‘‘काका, दोन्ही आपलीच आहेत.’’

आणखी एक गोष्ट हातची गेली. तांब्याच्या तारेवरच्या एडीएसएलच्या काळात घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता मिळे, भले तो रोज बदलो. गावाकडून घरच्या कॅमेऱ्यात थेट डोकावता येई. पत्त्यांची टंचाई झाल्यावर कंपन्यांनी शेकडो घरं एका पत्त्यामागे दडवली. आता दोन कनेक्शनं असूनही बाहेरून दोन्ही दारं बंद, आणि स्वतःचा पत्ता हवा तर महिन्याचे वेगळे पैसे मोजा.

वेगळा रस्ता हवाच असेल तर सध्या तो पुन्हा हवेतूनच शोधावा लागतो. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ दोघांनीही फाइव्ह-जीवरचं एअरफायबर आणलं. पण तेही पहिल्याच कंपनीकडून घेतलं, तर टॉवरपाशी जाऊन दोन्ही वाटा पुन्हा एक होण्याची शक्यता असते. म्हणून फायबर एकाचं आणि हवा दुसऱ्याची, एवढं पथ्य पाळावं. उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला. तिची तबकडी खांब, झाडं, जेसीबी या सगळ्यांच्या वरून जाईल खरी, पण तिला मोकळं आकाश लागतं. फ्लॅटवाल्यांचं मोकळं आकाश सोसायटीच्या गच्चीवर असतं, आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे. टिकोनाच्या अँटेनाला ‘स्लॅब गळतो’ म्हणून हरकत घेणारे बरेच जण अजून त्याच कमिटीत आहेत.