वानर, माकड आणि आदिमानव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘माकडाचा माणूस झाला’ हा उत्क्रांतीविषयीचा सर्वांत रुळलेला गैरसमज. त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतोच: मग आजची माकडे माणसे का होत नाहीत? हा अर्धा घोळ शब्दांचा आहे. पालघर जिल्ह्यात जव्हार-मनोरच्या रानात दिसणारे तांबड्या तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. शास्त्राच्या हिशेबी दोन्ही माकडेच. माणसाचे जवळचे नातलग असलेले चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन हे वेगळ्या गटातले. त्यांना ‘कपी’ म्हणतात. पण त्यांच्यासाठीही सर्रास ‘वानर’ लिहिले जाते आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे कौलांवरून उड्या मारणारा प्राणी उभा राहतो.

खूण सोपी आहे. कपींना शेपूट नसते आणि त्यांचा खांदा सर्व बाजूंनी फिरतो, म्हणून ते फांदीला हातांनी लोंबकळतात; वानर फांदीवरून चार पायांनी धावते. ताडी काढणारा माणूस शेंड्याशी डोक्याच्या वर हात नेऊन कोयता चालवतो, तो कपींकडून आलेल्या याच खांद्याच्या जोरावर. भारतात आज रानात राहणारा कपी एकच, ईशान्येकडचा हूलॉक गिबन.

माणूस चिंपांझीपासून झाला, हेही खरे नाही. दोघांचा समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होता. तेथून दोन वाटा फुटल्या आणि चिंपांझीही तेवढाच काळ आपल्या वाटेने बदलत आला आहे.

वाकलेला प्राणी टप्प्याटप्प्याने ताठ होत जातो, हे प्रसिद्ध चित्रही फसवे आहे. आधी मेंदू वाढला नाही. आधी पाय बदलले. टांझानियातील लेटोली येथे दोन पायांवर चाललेल्यांची सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावले राखेत उमटलेली आहेत. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेला ‘ल्युसी’चा सांगाडा ३२ लाख वर्षांपूर्वीचा. तीही दोन पायांवर चालत असे, पण तिचा मेंदू आजच्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश होता. शिवाय ही रांग एकेरी नव्हती. निअँडरथल मानव आपल्या पूर्वजांच्या काळातच जगत होते, आणि त्यांच्या जनुकांचा एक-दोन टक्के अंश भारतीयांमध्येही आहे.

मानवाचा पहिला पूर्वज शिवालिकच्या टेकड्यांत जन्मला, असे जुन्या पाठ्यपुस्तकांतून शिकलेली पिढी अजून आहे. तिथे १९३२ मध्ये मिळालेल्या जबड्याला ‘रामपिथेकस’ नाव मिळाले होते. अधिक चांगले जीवाश्म हाती आल्यावर १९८० च्या दशकात तो ओरांगउटानच्या नात्यातला शिवापिथेकस ठरला. चूक शास्त्राने स्वतःच दुरुस्त केली. पाठांतर मागे राहिले.

पालघर-तारापूर भागात आदिमानवाची हाडे मिळत नाहीत, म्हणून तो इथे नव्हताच, हा निष्कर्षही घाईचा. इथला काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे माणसाच्या कितीतरी आधीचा. त्यावरच्या आम्लधर्मी मातीत आणि कोकणच्या पावसात हाडे टिकत नाहीत, दगड टिकतो. मुंबईच्या कांदिवलीत के. आर. यू. टॉड यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली आणि १९३९ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. समुद्रही हिशेबात धरायला हवा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी त्याची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होती. तेव्हाचा किनारा तारापूरच्या पश्चिमेला दूरवर होता आणि तिथल्या वस्तीच्या खुणा, असल्याच तर, आज पाण्याखाली आहेत. संपूर्ण भारतातही फार प्राचीन मानवी कवटीचा ठळक पुरावा एकच: मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा येथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना मिळालेला.

उरतो तो सर्वांत त्रासदायक गैरसमज, आणि तोही शब्दातूनच आलेला. ‘आदिवासी’ आणि ‘आदिमानव’ यांत ‘आदि’ सारखा असला, तरी अर्थाचा संबंध नाही. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी आणि बोईसरच्या कारखान्यातला कामगार हे सगळे एकाच मानवजातीचे. आफ्रिकेतल्या तीन लाख वर्षांपूर्वीच्या होमो सेपियन्सपासून सारख्याच अंतरावर. वारली चित्रांनाही सहज ‘आदिमानवाची चित्रे’ म्हटले जाते. पण लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने, गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर लिहितात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कुडाची भिंत काही वर्षांनी नवी बांधावी लागते, आणि तिच्यावरचे चित्र भिंतीहून जुने असू शकत नाही.